देवावर रुसलेल्या माणसाशी काय बोलावं?

देवाशी भांडण करणं आपल्या भागात नवीन नाही. विठोबाला शिव्याशाप देणारे संत आपण डोक्यावर घेतले. आपल्या घरांतून मराठी अभंगांच्या जोडीला कानडी दासरपदंही म्हटली जातात. त्यांत तर देवाला टोमणे मारणाऱ्या पदांचा वेगळा प्रकारच आहे, त्याला निंदास्तुती म्हणतात. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला आणि मग पांडुरंगाला जाब विचारला. म्हणजे देवावर रागावायला आपली ना नाही. पण वाचकहो, रुसवा वेगळा आणि निराशा वेगळी. रुसलेला माणूस तोंड फिरवून का होईना, दारातच बसून राहतो. निराश झालेला माणूस उठून निघून जातो. त्याला परत कसं बोलवायचं, किंवा निदान त्याच्यासोबत काही अंतर कसं चालायचं, याविषयी आज लिहावंसं वाटतं.

गेले तीन महिने मी ग्वाल्हेरला, माझ्या अक्काकडे आहे. बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता इथे उतरता येतं. अक्का लग्न होऊन इथे आली त्याला चाळीस वर्षं होत आली. दाजी रेल्वेत होते, आता निवृत्त आहेत. आमचे वडील मराठी आणि आई धारवाडकडची, त्यामुळे लहानपणी आमच्या घरात प्रार्थना मराठीत व्हायची आणि ओरडा कानडीत मिळायचा. शिंद्यांचं हे गाव मराठी माणसाला परकं वाटत नाही. लष्करात महाराज बाड्याच्या आसपास अजून जुन्या मराठी घरांच्या पाट्या दिसतात. ग्वाल्हेरची गायकी तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी आपल्याच भागात आणून रुजवली. इथली मराठी हिंदीकडे झुकते, आपली कानडीकडे, एवढाच काय तो फरक.

मी इथे आले ती मात्र दुःखाच्या निमित्ताने. अक्काचा धाकटा मुलगा, माझा भाचा, एकोणतीस वर्षांचा होऊन गेला. मूत्रपिंडाचा आजार होता. दोन वर्षं डायलिसिस चाललं. मंडळीने उपास करून प्रार्थना केल्या. शुक्रवारची प्रार्थनासभा कितीतरी महिने अक्काच्याच घरी भरत होती. शेवटी दाजींचं मूत्रपिंड जुळलं, शस्त्रक्रियेची तारीख ठरली, आणि सगळ्यांनी उपकारस्तुतीची प्रार्थनासुद्धा करून टाकली. तारखेच्या नऊ दिवस आधी संसर्ग झाला आणि मुलगा गेला.

अक्का रडली ती कानडीत. चाळीस वर्षं हिंदी मुलखात काढलेली, पवित्र शास्त्र मराठीत वाचणारी, उपासनेत हिंदी भजनं म्हणणारी माझी बहीण त्या रात्री एकच वाक्य परत परत म्हणत होती, "देवरु याक हिंग माडिदा?" देवाने असं का केलं? आईची भाषा अशा वेळी आपोआप वर येते. दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

या वाक्यावरून मला एक गोष्ट आठवली आणि ती अक्कालाही मी नंतर सांगितली. शुभवर्तमानं ग्रीक भाषेत लिहिलेली आहेत. येशूचं बोलणं त्यात ग्रीकमध्येच येतं. पण वधस्तंभावरची ती आरोळी, देवा तू मला का सोडलंस या अर्थाची, मत्तय आणि मार्क यांनी मुळातल्या शब्दांत तशीच ठेवली आणि मग तिचा अर्थ दिला. येशूची घरची बोली अरामी. उत्तम शुक्रवारी आपल्या देवळांतून सात उद्गारांवर प्रवचनं होतात, त्यातला हा चौथा. तो प्रश्न विचारणाराही एका आईचा मुलगा होता आणि त्यालाही त्या घटकेला वरून उत्तर आलं नाही. ज्या धर्माच्या मध्यावरच हा प्रश्न उभा आहे, त्या धर्मात "असं विचारू नये" असं सांगण्याचा अधिकार कोणाला असेल?

पण सांगणारे भेटतात. अक्काला पहिल्या पंधरवड्यात जे ऐकावं लागलं ते मी शेजारी बसून ऐकलं. देवाची योजना आपल्याला कळत नाही. त्याला आवडला म्हणून नेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कुठेतरी विश्वास कमी पडला असणार. बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना ती शांतता सहन होत नव्हती, एवढंच. पण दोन वर्षं रात्र रात्र जागलेल्या आईला विश्वास कमी पडला म्हणणं म्हणजे मुलाच्या मरणाचं बिल तिच्याच हातात देणं. त्यानंतर अक्काने प्रार्थना सोडली. रविवारी दाजींबरोबर जायची, बाकावर बसायची, पण भजनाला तोंड उघडायची नाही.

ईयोबाचं पुस्तक मी त्या दिवसांत परत वाचून काढलं. बेचाळीस अध्यायांचं हे पुस्तक बहुतेक जण पहिले दोन आणि शेवटचा वाचून मिटतात. मधले अध्याय म्हणजे भांडण आहे. ईयोबाची मुलं गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. तिथपर्यंत त्यांनी सगळं बरोबर केलं. मग ते बोलायला लागले आणि बिघडलं. तू पाप केलं असशील, देव अन्याय करत नाही, असं ते अध्यायामागून अध्याय सांगत राहतात. ईयोब उलट देवालाच कोर्टात खेचायला निघतो. आणि शेवटी देव रागावतो तो कोणावर? आपली बाजू मांडणाऱ्या मित्रांवर. भांडणाऱ्या ईयोबाचं बोलणं योग्य ठरतं आणि देवाची वकिली करणाऱ्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागतं. विशेष म्हणजे ईयोबाने विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देव तरीही देत नाही. पण तो येतो, बोलतो, त्याला एकटं टाकत नाही.

स्तोत्रांचंही तेच. आपण मराठीत स्तोत्रसंहिता म्हणतो, कानडी पवित्र शास्त्रात त्या पुस्तकाचं नाव कीर्तनेगळु. नाव ऐकून वाटावं की आत सगळी स्तुतीच असेल. पण दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत असं अभ्यासक सांगतात. किती दिवस मला विसरणार, तोंड का लपवतोस, असे सरळ प्रश्न त्यांत आहेत. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह जपला त्यांनी ते काढून टाकलं नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. काही रात्री अशाच संपतात, हे त्यांना माहीत होतं.

आणि विलापगीत, ज्याला कानडीत प्रलापगळु म्हणतात, त्याची रचना तर पाहण्यासारखी आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा हा आक्रोश. त्याचे पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. आपण अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर घेऊन रडावं तसं. दुःखाला काही हिशोब राहत नाही तेव्हा माणूस निदान अक्षरांचा आधार धरतो. मी अक्काला एक वही आणून दिली आणि म्हटलं, प्रार्थना करू नकोस, पण जे म्हणायचंय ते यात लिही. कोणत्याही भाषेत लिही. पहिले कितीतरी दिवस वही कोरीच होती.

आता थोडं आमच्या गाडीच्या वाटेविषयी सांगते, कारण या विषयाची दोन मोठी माणसं त्याच वाटेवर आहेत. पुणे सोडल्यावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. आमची गाडी तिथे थांबत नाही, पण खिडकीतून ते नाव वाचलं की पंडिता रमाबाई आठवतातच. त्यांचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या रानात झाला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या घाटात. आईवडील मराठी. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराण सांगत, सगळं कुटुंब घेऊन तीर्थयात्रा करत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात उपास, व्रतं, दानं सगळं करूनही वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ साली नवरा गेला. पदरी मनोरमा, जेमतेम वर्षाची.

देवाविषयी निराश व्हायला याहून जास्त काय लागतं? जुन्या श्रद्धेतून त्यांचं मन उठलंच होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण गोष्ट तिथे सुखाने संपत नाही. डॉक्टर व्हायला म्हणून गेलेल्या रमाबाईंना बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो ख्रिस्त आपल्याला अजून मिळालेला नाही, असं त्यांना पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आणि १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच उभं राहिलं. माझे आईवडील का वाचले नाहीत, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं असं मला वाटत नाही. पण दुसऱ्याची मुलगी वाचवता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

शेवटी पुन्हा परीक्षा होतीच. लेक मनोरमा आईच्या कामात उजवा हात होती, आपल्या कलबुर्गीत शाळा उभी करायलाही ती झटली होती. १८८१ साली जन्मलेली ती मुलगी १९२१च्या जुलैत गेली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं. मुलगी गेल्यावरही त्या मुद्रितं तपासत राहिल्या, काम पुरं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या.

दुसरा माणूस भेटतो तो गाडी ग्वाल्हेरच्या जवळ आल्यावर, झाशीला. राणीची झाशी सगळ्यांना ठाऊक आहे आणि राणीची समाधी इथे ग्वाल्हेरच्या फुलबागेत आहे. पण झाशीजवळ १८२५ साली आणखी एका मराठी घरात नीळकंठशास्त्री गोरे जन्मले. काशीत वाढले, शास्त्रांत पारंगत झाले. मिशनऱ्यांना वादात हरवायचं म्हणून त्यांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास सुरू केला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. तेच पुढे फादर नेहेम्या गोरे. घर दुरावलं. बायको लक्ष्मीबाई १८५३ साली वारली तेव्हा मुलगी काही महिन्यांची होती. ती इंग्रज कुटुंबांत वाढली, लहानपणीच इंग्लंडला गेली आणि १८८० साली परतली.

फादर गोऱ्यांविषयी मला आदर वाटतो तो त्यांच्या विद्वत्तेपेक्षा दुसऱ्याच कारणाने. इतकं सगळं सोडून ज्याच्याकडे आले, त्याच्याविषयीच्या शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडलं नाही. मनाला पूर्ण स्वस्थता अशी त्यांना लाभली नाही. तरी ते शिकवत राहिले, लिहीत राहिले, साधेपणाने जगले. पंडिता रमाबाईंना आपल्या विश्वासाकडे यायला ज्यांच्या लेखनाने मदत केली, त्यांत हेच गोरे होते. ज्याच्या स्वतःच्या मनात शंका होत्या त्याने दुसऱ्याच्या शंका सोडवल्या. १८९५ साली मुंबईत ते वारले. अक्काला मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिने मान वर करून विचारलं, "म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही?"

शंका आली की विश्वास गेला, असं आपण धरून चालतो. पण विश्वास म्हणजे प्रत्येक वेळी मनात खात्री असणं नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाची गोष्ट आहे. चौघे मित्र त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्याचा एकट्याचा नव्हे, त्यांचा. त्या आजारी माणसाचा काही विश्वास होता की नाही याची चौकशीही तिथे होत नाही. कधी कधी आपली खाट दुसऱ्यांनी उचलायची असते. अक्का गात नव्हती तेव्हा मंडळी तिच्या वतीने गात होती, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्या रविवारी ती बाकावरून उठून बाहेर गेली नाही.

आणि खाट उचलणारे मंडळीतलेच असतात असंही नाही. अक्काच्या शेजारच्या काकू लष्करातल्या जुन्या मराठी घरातल्या, रोज देवपूजा करणाऱ्या. पहिले चाळीस दिवस रोज संध्याकाळी सात वाजता त्या डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन यायच्या. अक्काच्या शेजारी पाऊण तास बसायच्या. एका शब्दाने त्यांनी देवाचं नाव काढलं नाही, ना त्यांच्या ना आमच्या. जाताना रिकामा डबा घेऊन जायच्या. ईयोबाच्या मित्रांनी पहिल्या सात दिवसांत जे केलं, ते या बाईंनी चाळीस दिवस केलं.

मी काही धर्मशास्त्र शिकलेली बाई नाही. पण या तीन महिन्यांत जे उमगलं ते सांगते. ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांनी देवाशी अबोला धरण्यापेक्षा भांडावं, कारण भांडण म्हणजे नातं अजून आहे. येशूने गेथशेमानेच्या बागेत प्याला टळावा म्हणून विनवलं आणि तो टळला नाही. पौलाने आपला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. तेव्हा मागितलेलं मिळालं नाही म्हणजे मागणारा खोटा, असा हिशोब शास्त्रात तरी नाही. राग ओसरायला मुदत घालू नये. झेपेल तेवढं एखादं काम हातात घ्यावं, मग ते दुसऱ्याच्या घरचं का असेना. आणि ज्यांच्या घरात सगळं ठीक आहे त्यांनी देवाची बाजू मांडायला जाऊ नये. मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी येशूला तोंडावर एकच तक्रार केली, तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. त्याने त्यांना रागावून गप्प केलं नाही. थडग्याकडे जाताना तो रडला.

अक्काच्या वहीची पाच पानं भरली आहेत. मी वाचलेली नाहीत, पण लांबून अक्षर दिसतं. काही मराठी आहे, काही कानडी. कानडी लिपी ती इतक्या वर्षांनी चुकतमाकत लिहिते. भजनाला अजून तोंड उघडत नाही. गेल्या आठवड्यापासून मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी ती डायलिसिसला येणाऱ्या दोन बाहेरगावच्या कुटुंबांसाठी पोळीभाजीचा डबा करते आणि दाजी तो पोचवतात. त्यातल्या एका आईने तिला परवा विचारलं, तुमचा मुलगा बरा आहे का आता? अक्काने खरं ते सांगितलं. मग दोघी पायरीवर बसल्या. दाजी म्हणाले, बराच वेळ बसल्या होत्या, काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात मी बेळगावला परत येईन. तोवर, वाचकहो, तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल तर या रविवारी जाऊन या. भाकरी न्या, भात न्या, काही नाही तर नुसते जा. आणि त्यांनी विचारलं, देवाने असं का केलं, तर उत्तर देऊ नका. तो प्रश्न तुम्हाला विचारलेला नसतो.